अ‍ॅक्सेसमधील डेटाबेस पुन्हा पुन्हा मंदावतो तेव्हा: कोडला लागणारा वेळ मोजून अडथळ्याची नेमकी जागा शोधणे

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये तयार केलेल्या डेटाबेसबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. सुरुवातीचे काही महिने सगळे सुरळीत चालते, मग एखादा फॉर्म उघडायला वेळ लागू लागतो, मग महिनाअखेरचा रिपोर्ट रेंगाळतो, आणि शेवटी बटण दाबल्यावर पडदा गोठल्यासारखा होऊन शीर्षकपट्टीवर ‘प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. कोणीतरी डेटाबेस कॉम्पॅक्ट करून घेतो, थोडे दिवस बरे जातात आणि तक्रार परत येते. मग टेबलातल्या बहुतेक सगळ्या रकान्यांवर इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूच्या) लावले जातात, संगणकाची मेमरी वाढवली जाते, आणि डेटा सर्व्हरवरच्या मोठ्या डेटाबेसमध्ये हलवण्याची चर्चा सुरू होते.

यांपैकी कोणताही उपाय मुळात चुकीचा नाही. प्रत्येक उपाय कोणत्या तरी परिस्थितीत बरोबरच असतो. पण आपली परिस्थिती कोणती हे ठाऊक नसताना तो केला, तर समस्या सुटली की काही काळ दबली हे कळण्याचा मार्ग उरत नाही, आणि तक्रार परत परत येण्याचे खरे कारण बहुधा हेच असते. म्हणून वेग कसा वाढवावा हा प्रश्न नंतरचा आहे. वेळ नेमका कोणत्या ओळीत जातो, हा पहिला. व्हीबीए या ऑफिसमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेत हे सांगणारे तयार साधन अंगभूत नाही. मोजणी आपल्यालाच कोडमध्ये बसवावी लागते, आणि ती नीट बसवली नाही तर आकडे दिशाभूल करतात.

घड्याळ कोणते वापरावे

बहुतेक जण ‘नाऊ’ या फंक्शनने सुरुवात करतात. त्याची बारकाई एका सेकंदाची असल्यामुळे दोन-तीन मिनिटे किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या कामांखेरीज त्याचा उपयोग नाही. त्यानंतर येते ‘टायमर’ हे फंक्शन, जे मध्यरात्रीपासून झालेले सेकंद अपूर्णांकासह देते. साध्या चाचणीसाठी ते पुरेसे आहे, पण त्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवायला हव्यात. पहिली अशी की मध्यरात्री ते शून्यावर येते, त्यामुळे रात्री चालणाऱ्या कामाची वजाबाकी ऋण निघते. तसे झाल्यास उत्तरात 86,400 मिळवावे लागतात. दुसरी मर्यादा बारकाईची आहे. विंडोजच्या घड्याळाचा ठोका सर्वसाधारणपणे 15.6 मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे त्याहून लहान काम कधी शून्य तर कधी सोळा मिलिसेकंदांचे दिसते. शिवाय हे फंक्शन सिंगल प्रकारातली संख्या देते आणि त्या प्रकारात दिवसभराचे सेकंद साठवताना अपूर्णांकासाठी फार जागा उरत नाही: संध्याकाळी सव्वासहानंतर, म्हणजे 65,536 सेकंद उलटल्यावर, दोन लगतच्या मूल्यांमधले अंतरच सुमारे 7.8 मिलिसेकंदांचे होते.

विंडोजचे ‘गेटटिककाउंट’ संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देते, पण त्याचा ठोकाही साधारण तेवढाच जाड असतो. त्यात आणखी एक खाच आहे. हा आकडा 32 बिटांचा असल्याने 49.7 दिवसांनी पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि व्हीबीएचा लाँग प्रकार ऋणचिन्हासह असल्याने 24.9 दिवसांनंतरच तो ऋण दिसू लागतो. महिनोन्‌महिने बंद न होणाऱ्या संगणकावर मोजणी नेमकी त्या सीमेवर पडली, तर वजाबाकीत ओव्हरफ्लोची त्रुटी येते, आणि ती कोडमधल्या खऱ्या दोषासारखी भासते.

कायमच्या वापरासाठी ‘क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर’ आणि त्याच्या जोडीचे ‘क्वेरीपरफॉर्मन्सफ्रीक्वेन्सी’ हेच वापरावे असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले फंक्शन एक सतत वाढणारा मोजअंक देते, दुसरे तो अंक सेकंदाला किती वेळा वाढतो ते सांगते. दोन मोजअंकांच्या फरकाला या संख्येने भागले की सेकंद मिळतात, आणि बारकाई मायक्रोसेकंदापर्यंत जाते. दोन्ही फंक्शनना 64 बिटांचा पूर्णांक लागतो आणि तो 32 बिट ऑफिसच्या व्हीबीएमध्ये नाही. अशा वेळी चल करन्सी प्रकाराचा घ्यावा. करन्सी हाही आतून 64 बिटांचा पूर्णांकच असतो, फक्त दाखवताना त्याला दहा हजारांनी भागलेले असते. मोजअंक आणि वारंवारता या दोन्हींना तोच भाजक लागू असल्याने भागाकारात तो आपोआप निघून जातो. ऑफिस 2010 पासून पुढच्या 64 बिट आवृत्तींसाठी घोषणेत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द हवा, अन्यथा मॉड्यूल कंपाइलच होणार नाही.

मोजणी कुठे सुरू करावी, कुठे थांबवावी

घड्याळ कितीही चांगले असले तरी ते चुकीच्या जागी सुरू केले तर उपयोग शून्य. प्रोसिजरच्या पहिल्या ओळीवर वेळ टिपायची आणि शेवटच्या ओळीवर वजा करायची, ही सरळ पद्धत एकच बाहेर पडण्याची वाट असलेल्या प्रोसिजरला चालते. प्रत्यक्षात मधूनच ‘एक्झिट सब’ असते, त्रुटी आली की नियंत्रण दुसरीकडे जाते, आणि नेमक्या त्या रेंगाळलेल्या फेरीची नोंद होतच नाही.

यावर क्लास मॉड्यूल हा सर्वांत स्वच्छ उपाय आहे. घड्याळ सुरू करण्याचे काम क्लासच्या ‘इनिशियलाइझ’ इव्हेंटमध्ये आणि नोंद करण्याचे काम ‘टर्मिनेट’ इव्हेंटमध्ये ठेवावे. प्रोसिजरमध्ये या क्लासचा एक स्थानिक ऑब्जेक्ट तयार केला की प्रोसिजर कोणत्याही वाटेने संपली तरी ऑब्जेक्ट नष्ट होतो आणि नोंद होते. येथे एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ऑब्जेक्टची घोषणा ‘अ‍ॅज न्यू’ अशी एकाच ओळीत करू नये. तशी केल्यास व्हीबीए तो ऑब्जेक्ट घोषणेच्या ओळीवर तयार करत नाही, तर त्याचा पहिल्यांदा वापर होईल तेव्हा करतो. वापर शेवटच्या ओळीवर असेल तर मोजलेला वेळ जवळपास शून्य येतो, आणि वापरच नसेल तर ऑब्जेक्ट कधी जन्मतच नाही. घोषणा आधी करावी आणि पुढच्या स्वतंत्र ओळीवर ‘सेट’ने नवा ऑब्जेक्ट तयार करावा. तसेच कोडमध्ये कुठे नुसते ‘एंड’ हे विधान असेल तर ते टर्मिनेट इव्हेंट चालू न देताच सगळे थांबवते, त्यामुळे तेथील नोंद हरवते. असे विधान एरवीही कोडमध्ये नसलेलेच बरे.

फॉर्म उघडण्याचा वेळ मोजताना एक चूक हमखास होते. मुख्य फॉर्मच्या ‘ओपन’ इव्हेंटमध्ये घड्याळ सुरू केले जाते; पण सबफॉर्म मुख्य फॉर्मच्या आधी भरले जातात, म्हणजे त्यांचे सगळे काम त्या क्षणापूर्वीच उरकलेले असते. ज्या फॉर्मवर पाच-सहा सबफॉर्म टॅबांवर मांडलेले आहेत, तेथे खरा वेळ बहुधा त्यांच्यातच जातो आणि मोजणीला मात्र मुख्य फॉर्म निर्दोष व जलद दिसतो. म्हणून घड्याळ फॉर्म उघडणाऱ्या बटणाच्या कोडमध्ये, ‘ओपनफॉर्म’च्या आदल्या ओळीवर सुरू करावे. दुसऱ्या टोकालाही अशीच अडचण आहे: ‘ओपनफॉर्म’ ही ओळ पूर्ण झाली याचा अर्थ पडदा भरला असा होत नाही, कारण गणन करणारे कंट्रोल आणि कंडिशनल फॉरमॅटिंग नंतर सावकाश भरत राहतात. फॉर्मचा ‘रिकॅल्क’ चालवून मग घड्याळ थांबवले तर वापरणाऱ्याला जाणवणाऱ्या वेळेच्या बरेच जवळ जाता येते.

क्वेरीच्या बाबतीतही हेच घडते. डायनासेट (बदलता येणाऱ्या नोंदींचा) प्रकारचा रेकॉर्डसेट, म्हणजे कोडमध्ये उघडलेला क्वेरीच्या नोंदींचा संच, पहिल्या काही नोंदी हाती आल्या की उघडल्याचे सांगतो. उरलेल्या नोंदी आपण पुढे सरकू तशा येतात. संपूर्ण क्वेरीचा वेळ हवा असेल तर ‘मूव्हलास्ट’ करून शेवटच्या नोंदीपर्यंत जावे आणि मगच घड्याळ थांबवावे. डेटाशीट झटकन उघडते म्हणून क्वेरी जलद आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

मोजल्या जाणाऱ्या भागात ‘मेसेजबॉक्स’ किंवा डायलॉग म्हणून उघडलेला फॉर्म नसावा. असेल तर वापरणाऱ्याने विचार करण्यात घालवलेला वेळ कोडच्या खात्यावर जमा होतो.

नोंदी कुठे ठेवाव्यात

प्रत्येक मोजणीनंतर इमिजिएट विंडोमध्ये आकडा छापणे सोपे असते, पण लूपच्या आत हे केले की छापण्याचाच वेळ मोजणीत मिसळतो. शिवाय त्या खिडकीत साधारण शेवटच्या 200 ओळीच उरतात. नोंद थेट बॅकएंडमधल्या, म्हणजे टेबले ठेवलेल्या सामाईक फाइलमधल्या, टेबलात करणे त्याहून वाईट, कारण ज्या फाइलचा वेग तपासायचा तिच्यावरच आपण जादा लिखाण लादतो. प्रत्येक मोजबिंदूला एक नाव द्यावे आणि त्या नावाखाली मेमरीतल्या अ‍ॅरेत फक्त तीन गोष्टी साठवाव्यात: एकूण वेळ, किती वेळा तेथून गेलो ती संख्या, आणि सर्वांत मोठी एकच फेरी. काम संपल्यावर हे सगळे एकदाच संगणकावरच्या स्थानिक मजकूर फाइलमध्ये उतरवावे. फेऱ्यांची संख्या ठेवणे अनेकांना अनावश्यक वाटते. पण शोधात सर्वांत बोलका आकडा बहुधा तोच ठरतो.

बाहेरून आत

सुरुवातीलाच प्रत्येक प्रोसिजरमध्ये मोजबिंदू पेरण्याचा मोह टाळावा. आधी संपूर्ण कामाचा एकच आकडा घ्यावा, मग त्याचे तीन-चार मोठे भाग करावेत, आणि ज्या भागात वेळ जातो केवळ त्याच्याच आत उतरावे. उदाहरणादाखल सर्व ग्राहकांची बिले तयार करणारे एक बटण घेऊ, ज्याला 62 सेकंद लागतात असे धरू. भाग पाडल्यावर ग्राहकांचा रेकॉर्डसेट उघडण्यास 0.3 सेकंद, बिले तयार करणाऱ्या लूपला 58 सेकंद आणि रिपोर्ट उघडण्यास 3.5 सेकंद लागतात असे दिसते. रिपोर्ट रेंगाळतो अशी तक्रार असली तरी रिपोर्टचा वाटा किरकोळ आहे, हे येथेच स्पष्ट होते; तक्रार करणाऱ्याला रिपोर्ट दिसतो म्हणून तो रिपोर्टला दोष देतो, त्यात त्याची चूक नाही.

आता लूपच्या आत जाऊ. ग्राहक 4,000 आहेत. दर शोधणाऱ्या ‘डीलुकअप’ला एकूण 44 सेकंद, मागील बाकीची बेरीज करणाऱ्या ‘डीसम’ला 12 सेकंद आणि बिल लिहिण्यास 1.6 सेकंद लागतात, उरलेले 0.4 सेकंद इतर ओळींचे. पण ‘डीलुकअप’समोर फेऱ्यांची संख्या 8,000 दिसते. ग्राहक 4,000 असताना हे दुप्पट कसे? कोड पाहिल्यावर उलगडा होतो: दर रिकामा आहे का हे तपासण्यासाठी फंक्शन एकदा बोलावले आहे आणि रिकामा नसेल तर तोच दर घेण्यासाठी पुन्हा एकदा. एका फेरीला लागणारे 5.5 मिलिसेकंद पाहून कोणालाही काही खटकणार नाही. खटकते ती संख्या. ‘डीलुकअप’ हे दर वेळी एक स्वतंत्र क्वेरी तयार करून चालवते, म्हणून ते एखाद्या फॉर्मवर एकदा वापरणे निर्धोक आणि लूपमध्ये वापरणे महाग असते.

येथे उत्तर एका चलात साठवून ‘डीलुकअप’चा अर्धा वेळ वाचवता येईल, पण त्याहून योग्य उपाय म्हणजे दरांचे टेबल मूळ क्वेरीलाच जोडावे आणि मागील बाकी एका गटवार बेरजेच्या क्वेरीतून एकदाच घ्यावी. मग रेकॉर्डसेट उघडण्याचा वेळ 0.3 वरून समजा 0.9 सेकंदांवर जाईल, पण 56 सेकंदांचे ओझे उतरेल आणि संपूर्ण काम साडेसहा सेकंदांच्या आत येईल. उरलेल्यापैकी निम्म्याहून अधिक वेळ आता रिपोर्टचा आहे, म्हणून पुढचा शोध तेथे घ्यावा. रिपोर्टमध्ये ‘एकूण पानांपैकी अमुक पान’ असा मजकूर असेल तर अ‍ॅक्सेसला सर्व पाने आधी एकदा जुळवून पाहावी लागतात, आणि डिटेल भागाच्या ‘फॉरमॅट’ इव्हेंटमधला कोड एकाच नोंदीसाठी एकाहून अधिक वेळा चालू शकतो. फेऱ्यांची संख्या हेही लगेच उघड करते.

लूपमध्ये लिखाणच जड निघाले, म्हणजे वेळ ‘अपडेट’च्या ओळीवर साचला, तर लूप टाकून एकच अपडेट क्वेरी लिहिता येते का ते आधी पाहावे. येत नसेल तर संपूर्ण लूप एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळल्याने डिस्कवरील लिखाणाच्या खेपा कमी होतात. प्रगतिपट्टी दर नोंदीला पुढे सरकवणे हाही वेळखाऊ प्रकार असतो. ती शंभर नोंदींनी एकदा हलली तरी वापरणाऱ्याचे समाधान होते.

एकच आकडा पुरेसा नसतो

तोच कोड दुसऱ्यांदा चालवला की वेळ बराच कमी भरतो, कारण पहिल्या फेरीत वाचलेली पाने डेटाबेस इंजिनच्या आणि विंडोजच्या कॅशमध्ये राहिलेली असतात. त्यामुळे बदलापूर्वीची पहिली फेरी आणि बदलानंतरची दुसरी फेरी यांची तुलना केली, तर निरुपयोगी बदलही यशस्वी वाटतो. अनेक ‘उपाय’ याच कारणाने लोकप्रिय झाले आहेत असे मला वाटते. अ‍ॅक्सेस बंद करून पुन्हा उघडल्यावरची पहिली फेरी एका रकान्यात आणि नंतरच्या चार-पाच फेऱ्या दुसऱ्या रकान्यात लिहाव्यात, आणि तुलना नेहमी रकान्याच्या आतच करावी. नंतरच्या फेऱ्यांची सरासरी न घेता मध्यक घ्यावा, कारण अँटीव्हायरसने मध्येच फाइल तपासायला घेतली तर एखादी फेरी विनाकारण लांबते आणि सरासरी बिघडवते.

डेटाही खराच हवा. पन्नास नोंदींच्या नमुना टेबलावर जवळपास सगळेच जलद असते.

ओळ सापडली, पण ती एकच क्वेरी निघाली तर

शोध शेवटी एका ‘ओपनरेकॉर्डसेट’ किंवा ‘एक्झिक्यूट’वर येऊन थांबला, की व्हीबीएचे घड्याळ आणखी आत जाऊ शकत नाही. तेथून पुढे इंजिनला विचारावे लागते. डीएओच्या (कोडमधून डेटा हाताळणाऱ्या ऑब्जेक्ट-संग्रहाच्या) ‘डीबीइंजिन’ ऑब्जेक्टमध्ये ‘आयसॅमस्टॅट्स’ नावाची एक लपलेली पद्धत आहे. 0 ते 5 हे क्रमांक दिले की ती अनुक्रमे डिस्कवरील वाचने, डिस्कवरील लेखने, कॅशमधील वाचने, आगाऊ वाचलेल्या कॅशमधील वाचने, लावलेली कुलुपे आणि सोडलेली कुलुपे यांची संख्या देते. क्वेरीच्या आधी आणि नंतर हे आकडे घेऊन फरक काढावा. शंभर नोंदी देणाऱ्या क्वेरीसाठी हजारो पाने वाचली जात असतील, तर टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळले जात आहे. या आकड्यांचा मोठा गुण असा की ते घड्याळासारखे संगणकाच्या इतर कामांनी फारसे हलत नाहीत.

कारण पाहायचे असेल तर रजिस्ट्रीत इंजिनच्या ‘डीबग’ या उपशाखेत ‘जेटशोप्लॅन’ हे मूल्य ‘ऑन’ करावे. मग इंजिन प्रत्येक क्वेरीची योजना एका मजकूर फाइलमध्ये लिहू लागते. ही फाइल वाढतच जाते, म्हणून तपासणी संपताच ते बंद करावे. योजनेत इंडेक्सचा उल्लेख नसेल तर अटीकडे पाहावे. तारखेच्या रकान्यावर ‘इयर’ फंक्शन लावून ते 2024 शी ताडले, तर त्या रकान्यावर इंडेक्स असूनही इंजिनला तो वापरता येत नाही; तीच अट 1 जानेवारी 2024 किंवा त्यानंतरची आणि 1 जानेवारी 2025 च्या आधीची तारीख अशी लिहिली की इंडेक्स कामाला येतो.

एकट्याला जलद, दोघांना मंद

सगळे मोजून झाले, एका संगणकावर आकडे उत्तम आले, आणि तरीही दुसरा वापरणारा आत आला की सगळे मंदावते, अशी तक्रार असेल तर कोडमध्ये शोधत बसू नये. बॅकएंडची फाइल एकटाच वापरत असताना विंडोज त्या संगणकाला फाइलचा भाग स्वतःजवळ ठेवण्याची मुभा देते. दुसऱ्याने ती उघडताच ही मुभा जाते आणि वाचने नेटवर्कवरून होऊ लागतात. म्हणून मोजणीच्या नोंदीत त्या वेळी किती जण आत होते हेही लिहावे आणि एक मोजणी जाणीवपूर्वक दुसऱ्या संगणकावर डेटाबेस उघडा ठेवून करावी. आयसॅमस्टॅट्सचे आकडे दोन्ही वेळा सारखे आणि घड्याळाचे आकडे मात्र कितीतरी पट वेगळे आले, तर कारण नेटवर्कवरच्या वाचनात आहे हे सिद्ध होते.

यातला एक भाग सहज सुधारता येतो. फ्रंटएंडने, म्हणजे फॉर्म आणि कोड असलेल्या फाइलने, बॅकएंडशी असलेले शेवटचे नाते तोडले की इंजिन कुलुपाची फाइल बंद करते, आणि पुढचा फॉर्म उघडताना ती पुन्हा तयार करून ताबा घेते. हे दर फॉर्मला घडत राहते. सुरुवातीलाच बॅकएंडमधल्या एखाद्या लहान टेबलाचा रेकॉर्डसेट उघडून तो लपवलेल्या फॉर्ममध्ये किंवा मॉड्यूलच्या पातळीवरील चलात शेवटपर्यंत उघडा ठेवावा. त्याबरोबर टेबलांच्या गुणधर्मांत ‘सबडेटाशीट नेम’ हे ‘ऑटो’वरून ‘नन’वर आणावे आणि नेम ऑटोकरेक्ट (नावे बदलल्यास ती इतरत्र आपोआप बदलणारी सोय) बंद करावे. मात्र एकेक बदल करून प्रत्येकानंतर तीच मोजणी पुन्हा घ्यावी. तिन्ही एकदम केले तर कशाने फरक पडला हे कळणार नाही. वायरलेस जोडणीवरून किंवा दूरच्या शाखेतून बॅकएंडची फाइल थेट उघडली जात असेल, तर तेथे वेगाहून मोठा धोका फाइल बिघडण्याचा आहे आणि ती जोडणी आधी बदलायला हवी.

काम झाल्यावर मोजबिंदू काढून टाकू नयेत. एका स्थिरांकावर आधारित सशर्त कंपाइलने ते बंद ठेवता येतात. पण मोठ्या कामांचे चार-पाच मोजबिंदू वापरातल्या आवृत्तीतही चालू ठेवावेत आणि ठरावीक मर्यादेपेक्षा, समजा तीन सेकंदांपेक्षा, जास्त वेळ लागला तरच तारीख, वेळ, संगणकाचे नाव, कामाचे नाव आणि हाताळलेल्या नोंदींची संख्या स्थानिक फाइलमध्ये लिहावी. पुढच्या तक्रारीच्या वेळी ही फाइल मागवून घ्यावी. नोंदींच्या संख्येसोबत वेळ वाढत गेला असेल तर क्वेरी आणि इंडेक्स आधी तपासावेत. संख्या तेवढीच असून ठरावीक तासांनाच वेळ वाढत असेल तर त्या तासांत आत कोण कोण असते आणि नेटवर्कवर दुसरे काय चालते ते पाहावे. आणि एकाच संगणकाच्या नावापुढे मोठे आकडे असतील तर तपास त्या संगणकापासून सुरू करावा.